लहान मुलांसोबत ईस्टरचा वीकेंड: कोणत्या दिवशी काय करायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

ईस्टर जवळ आला की मुलांच्या डोक्यात रंगीत अंडी आणि चॉकलेट, आणि आईबाबांच्या डोक्यात यादी: नवीन कपडे, बास्केट, चर्चची वेळ, जेवण, पाहुणे, कोण कुणाला आणायला जाणार. या गडबडीत मूळ गोष्ट, येशूच्या मरणाची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठण्याची, मुलांना सांगायचीच राहते, किंवा रविवारी सकाळी गाडीत घाईघाईने उरकली जाते. माझं मत विचाराल तर लहान मुलांना ईस्टर कळतो तो दिवसांच्या क्रमाने. शुक्रवारी घर जरा शांत असलं, शनिवारी काहीतरी थांबलंय असं वाटलं, की रविवारचा आनंद वेगळा समजावून सांगायला लागत नाही, तो त्यांना आपोआप कळतो. म्हणून शुक्रवारीच चॉकलेटची पाकिटं उघडू नका, बाकी काही जमलं नाही तरी एवढं एक कराच.

आणि दुसरं म्हणजे सगळं करायला जाऊ नका. खाली बरंच लिहिलंय पण त्यातलं दर दिवशी एक पुरे, आणि पुढच्या वर्षी परत तेच करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दरवर्षी नवीन आयडिया नको असते, त्याला "मागच्या वेळी केलं होतं ना तसंच" हवं असतं.

आठवडाभर आधी: छोटी बाग आणि सहा अंडी

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मुलं चर्चमधून झावळी घेऊन येतात आणि घरभर तलवारी खेळतात, खेळू द्या. त्याच दुपारी ईस्टरची बाग लावायला घ्या. एक पसरट ट्रे, त्यात दोन-तीन इंच माती, एक छोटी कुंडी आडवी करून अर्धी मातीत पुरायची, ही झाली कबर. तिच्या तोंडावर बसेल असा एक गोल दगड शोधायचं काम मुलांना द्या, त्यात त्यांचा अर्धा तास सहज जातो. कुंडीच्या वर मातीची टेकडी करायची आणि काड्या दोऱ्याने बांधून तीन क्रूस रोवायचे. उरलेल्या मातीवर अळीव पसरा. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतं आणि आठवड्याभरात छान हिरवं होतं, म्हणजे बरोबर ईस्टरपर्यंत. लॉनच्या गवताचं बी त्यापेक्षा जास्त वेळ घेतं, ते हवं असेल तर दोन आठवडे आधी पेरा. पाणी ओतायचं नाही, स्प्रेने मारायचं, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं आणि तिथेच जंगल उगवतं.

दुसरं काम सहा प्लास्टिकच्या अंड्यांचं, ती मधून उघडणारी मिळतात ना ती. बरीच घरं बारा अंड्यांचा संच करतात, प्रत्येकात गोष्टीतली एक वस्तू आणि बारावं रिकामं. शाळेत जाणाऱ्या मुलांना ते मस्त आहे, पण चार वर्षांच्या आतल्यांना बारा वस्तूंचा क्रम झेपत नाही, मध्येच फासे आणि खिळे कुठून आले ते कळत नाही. सहा पुरतात आणि ती दिवसांनाही बरोबर बसतात. झावळ्यांच्या रविवारी झावळीचा तुकडा. बुधवारी नाणं, कारण यहूदा या शिष्याने येशूला पकडून द्यायचा चांदीच्या तीस नाण्यांसाठी सौदा केला ती आठवण परंपरेने बुधवारी करतात. गुरुवारी पावाचा तुकडा (तो त्याच दिवशी ठेवा, आधी ठेवलात तर बुरशी). शुक्रवारी काड्यांचा छोटा क्रूस, शनिवारी खडा, आणि रविवारी रिकामं अंडं. त्या त्या दिवशी रात्री झोपायच्या आधी एक उघडायचं (शेवटचं मात्र रविवारी सकाळी), दोन वाक्यं बोलायची, झालं. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर नाणं आणि खडा लगेच परत घ्या, त्या वयात सगळं तोंडात जातं.

गुरुवार संध्याकाळ: पाय धुणे

योहानाच्या शुभवर्तमानात १३ व्या अध्यायात येशू शेवटच्या जेवणाच्या वेळी उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. मुलांसाठी याच्याइतकं सोपं काही नाही कारण यात काहीच समजवायला लागत नाही, करूनच दाखवायचं असतं. घमेलं किंवा टब, कोमट पाणी, एक मोठा टॉवेल खाली आणि एक हातात. आधी आईबाबांनी मुलांचे पाय धुवायचे. मग मुलं म्हणतातच "आता मी तुझे धुणार", धुवू द्या, पाणी सांडणार आहे हे धरून चाला. गुदगुल्या होतात, हसतात, ते चालतं, लगेच दटावून वातावरण गंभीर करायची गरज नाही. पेत्र नावाचा शिष्य आधी नाही म्हणाला होता, माझे पाय तू धुवायचे नाहीस, हे सांगितलं की मुलांना तो पेत्र लगेच आवडतो, कारण तीही सगळ्याला आधी नाहीच म्हणतात.

मोठ्या भावाने लहान बहिणीचे पाय धुवायचे आणि तिने त्याचे, हे जरूर करून घ्या, विशेषतः त्या दिवशी दोघांचं भांडण झालं असेल तर.

जेवण साधं ठेवा, पाव आणि द्राक्षाचा रस टेबलावर असू द्या. येशू आणि शिष्य वल्हांडणाचं जेवण जेवत होते, मिसर देशातल्या गुलामगिरीतून देवाने सोडवलं त्याची ती आठवण, एवढं सांगा. घरी प्रभुभोजनाची (त्या जेवणाच्या आठवणीत चर्चमध्ये होणाऱ्या विधीची) नक्कल मात्र मला पटत नाही, ते मंडळीसोबत चर्चमध्येच बरं, आणि यहुदी लोकांचा सणाचा विधी आपण घरी नाटक म्हणून करू नये असंही मला वाटतं.

शुक्रवार: किती सांगायचं

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण बहुतेक आईबाबा दोन टोकांपैकी एकाला जातात. एकतर काहीच सांगत नाहीत, सरळ रविवारवर उडी. नाहीतर मुलाला मोठ्यांचा पिक्चर लावून देतात ज्यात रक्तच रक्त, आणि मग आठवडाभर रात्री रडणं. बायबलमध्ये वधस्तंभाचं वर्णन खरंतर फार कमी शब्दांत आहे, त्याला वधस्तंभावर खिळलं एवढंच, जखमांचं वर्णन लेखकांनी फारसं केलेलं नाही. आपणही तेवढंच ठेवावं.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला: "काही लोकांनी येशूला खूप त्रास दिला, येशू मरण पावला, त्याचे मित्र खूप रडले. पण गोष्ट इथे संपत नाही." चार ते सहा वर्षांच्या मुलाला क्रूसाबद्दल सांगता येतं, येशू खाली उतरू शकत होता पण आपल्यावरच्या प्रेमामुळे थांबला, आणि त्रास देणाऱ्यांना सुद्धा क्षमा कर म्हणाला. सात-आठच्या पुढचं मूल स्वतःच विचारतं, पिलाताने (शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराने) असं का केलं, शिष्य पळाले का, मग त्याच्यासोबत मार्कचा १५ वा अध्याय थोडा थोडा वाचता येतो. कुठल्याही वयात एक पाळा, शुक्रवारची गोष्ट सांगून मुलाला तसंच झोपवू नका, तिसऱ्या दिवशी काय होणार आहे ते त्याच बैठकीत सांगून टाका. सस्पेन्स मोठ्यांना आवडतो, तीन वर्षांच्या पोराला तो निव्वळ भीती वाटतो. आणि "यहुदी लोकांनी येशूला मारलं" हे वाक्य घरात नको. येशू, मरीया, शिष्य सगळे यहुदीच होते, आणि वधस्तंभाची शिक्षा रोमी सुभेदाराने दिली. या एका वाक्याने शतकानुशतकं फार नुकसान केलंय.

मग येतात प्रश्न, आणि ते नेमके जेवताना किंवा बाथरूममध्ये येतात. "मरणं म्हणजे काय?" याला उत्तर सरळ द्या: शरीर काम करायचं थांबतं, श्वास नाही, दुखत नाही, भूक लागत नाही. "झोपला" असं म्हणू नका, त्यामुळे मुलांना झोपायचीच भीती बसते. "देव घेऊन गेला" हेही एकटं वाक्य म्हणून नको, देव मलाही नेईल का आणि आज रात्रीच का, हा पुढचा प्रश्न तयारच असतो. घरातलं कुणी नुकतं गेलं असेल तर मूल हमखास विचारणार, मग आजोबा पण रविवारी उठणार का? इथे गोड बोलून वेळ मारून नेली तर रविवारी मूल खरंच दाराकडे बघत बसतं. "नाही, आजोबा या रविवारी येणार नाहीत. येशू उठला म्हणून आपला विश्वास आहे की एक दिवस देव सगळ्यांना उठवेल, तेव्हा आपण त्यांना भेटू. तो दिवस कधी ते आपल्याला माहीत नाही, आणि मला पण त्यांची आठवण येते." हे सांगताना तुमचा आवाज भरून आला तरी चालेल, उलट बरंच आहे.

उपासनेचं बोलायचं तर बऱ्याच चर्चमध्ये शुक्रवारी दुपारी १२ ते ३ अशी तीन तासांची भक्ती असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. लहान मुलं तीन तास बसत नाहीत, कुणाचीच बसत नाहीत, शेजारच्या बाकावरची बसलेली दिसली तर त्यांच्या पिशवीत खाऊ आहे असं समजा. शेवटचा अर्धा-पाऊण तास जा, मागे दाराजवळ बसा, आवाज न करणारं चित्रांचं पुस्तक आणि खडू न्या. आत गेल्यावर मुलाला शोधायला सांगा, आज काय वेगळं दिसतंय? बऱ्याच ठिकाणी वेदीवरचं कापड आणि फुलं काढलेली असतात, क्रूस झाकलेला असतो. मुलांना हे मोठ्यांच्या आधी दिसतं.

उपासाचं मुलांवर लादू नका. कॅथलिक नियमातसुद्धा मांस वर्ज्य करणं १४ वर्षांपासून आणि उपास १८ पासून आहे, लहान मुलं त्यात येतच नाहीत. त्यांनी एक आवडता खाऊ किंवा त्या दिवशीचं कार्टून सोडलं तर भरपूर झालं. दुपारी बागेतल्या कुंडीत पांढऱ्या कपड्याचा छोटा तुकडा गुंडाळून ठेवायचा आणि मुलांच्या हाताने दगड लावायचा. मग दिवसभर कुणी त्याला हात लावायचा नाही.

शनिवार: थांबायचा दिवस, आणि कामाचा सुद्धा

शनिवार बिचारा नेहमी खरेदीत जातो. गोष्टीत या दिवशी फारसं काही होत नाही, शब्बाथ म्हणजे यहुदी लोकांचा विश्रांतीचा दिवस होता म्हणून सगळे घरी थांबले, आणि मुलांना "आज काहीच झालं नाही, सगळे वाट बघत होते" हे बरोबर कळतं कारण त्यांनाही वाट बघायचा कंटाळा माहीत आहे. या दिवशी अंडी रंगवा.

अंडी भांड्यात एका थरात, वर एक इंच येईल इतकं गार पाणी, उकळी आली की गॅस बंद, झाकण ठेवून १२ मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. पांढऱ्या कवचाची अंडी घ्या, रंग खुलतो. घरचे रंग करायचे तर कांद्याच्या सालींचा तांबूस नारिंगी येतो, हळदीचा पिवळा, बीटाचा गुलाबी, आणि जांभळ्या कोबीचा चक्क निळा येतो, मुलं हे बघून वेडी होतात. प्रत्येक गोष्ट वेगळी वेगळी पाण्यात २०-३० मिनिटं उकळायची, गाळायची, पूर्ण गार करायची, आणि एक कप पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर. व्हिनेगरमधल्या आम्लामुळे कवचाचा वरचा थर जरासा खरबरीत होतो आणि रंग धरतो. गडद रंग हवा तर अंडी रंगाच्या पाण्यातच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. रंगात टाकायच्या आधी पांढऱ्या मेणाच्या खडूने मुलांनी क्रूस, नाव, काहीही काढायचं, मेणाच्या जागी रंग बसत नाही आणि चित्र उमटतं. हळदीच्या वाटीजवळ चांगले कपडे घालून कुणी बसू नये एवढीच सूचना.

अंडी का, हे मुलं विचारतात. पूर्वी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस अंडी खात नसत, कोंबड्या मात्र अंडी द्यायच्या थांबत नव्हत्या, त्यामुळे ईस्टरला घरात ढीगभर अंडी असायची. आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, कवच म्हणजे बंद कबर आणि फुटलं की नवं जीवन. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२९० मध्ये ४५० अंडी रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून वाटायला घेतल्याचा हिशोब आहे, म्हणजे हे खूळ आजचं नाही.

संध्याकाळी एक खाऊ करता येतो, रिकाम्या कबरीची बिस्किटं म्हणतात त्याला. ओव्हन १५० अंशांवर तापत ठेवा. एक कप अक्रोड किंवा पेकन पिशवीत घालून मुलांनी लाटण्याने फोडायचे, सैनिकांनी येशूला मारहाण केली ते सांगत. मग एक छोटा चमचा व्हिनेगर, त्याचा वास घ्यायचा, वधस्तंभावर येशूला आंब दिली होती. तीन अंड्यांचं पांढरं, चिमूट मीठ, अश्रूंसाठी, आणि एक कप साखर. मिक्सरने पांढरंशुभ्र घट्ट शिखर उभं राहीपर्यंत फेटायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, मग अक्रोड हलक्या हाताने मिसळायचे आणि कागद लावलेल्या ट्रेवर चमच्याने छोटे ढीग. ट्रे आत, ओव्हन बंद, आणि दारावर मुलांनी टेप चिकटवायचा, कबरीवर शिक्का मारला तसा. सकाळी उघडून बिस्किट मोडलं की आत पोकळ. फेटताना बोट बुडवून चाटू देऊ नका, कच्चं अंडं आहे. दमट हवेत कधी कधी ती चिवट होतात, चव चांगलीच लागते.

रात्री चर्चमध्ये जागरणाची उपासना असेल, अंधारात मोठी ईस्टरची मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या, तर सात-आठ वर्षांच्या मुलाला दुपारी झोपवून एकदा तरी न्या. लहानग्यांसाठी घरी दिवे घालवून एक मेणबत्ती पुरते.

रविवार

मुलं उठायच्या आधी एक काम: बागेतला दगड बाजूला सरकवा आणि आतलं कापड नीट घडी करून ठेवा. योहानाच्या २० व्या अध्यायात डोक्याला गुंडाळलेला रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता असं आहे, आणि मुलांना हा तपशील भयंकर आवडतो, येशूने उठल्यावर आपलं आवरून ठेवलं! (अंथरुणाच्या घडीसाठी याचा गैरवापर होतो, मी करते.) मग उठवताना "ख्रिस्त उठला आहे!" आणि मुलांनी ओरडायचं "खरोखर उठला आहे!" जितकं मोठ्याने तितकं चांगलं. सहावं अंडं उघडायचं, टेप काढून बिस्किटं खायची, आणि गोष्ट सांगताना मग्दालीया मरीयेपासून सुरू करा, ती रडत होती, तिला वाटलं समोर माळी आहे, आणि येशूने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखलं. मुलाचं स्वतःचं नाव घालून ती हाक मारून बघा.

कपडे, चपला, केसांच्या पिना सगळं शनिवारी रात्रीच काढून ठेवा, याच्यावर जास्त काय लिहिणार.

अंडी शोधायचा खेळ चर्चनंतर, आणि भांडणं नको असतील तर प्रत्येक मुलाला एक रंग ठरवून द्या. निळी दादाची, पिवळी ताईची. लहानाची डोळ्यांसमोर ठेवायची, मोठ्याची अवघड जागी, आणि दोघांची संख्या सारखी. लपवताना मोबाइलवर फोटो काढत जा, नाहीतर राहिलेलं एक उकडलेलं अंडं पुढच्या महिन्यात वासावरून सापडतं. लपवायला प्लास्टिकचीच घ्या. खरी उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर खायची नाहीत, फ्रिजमधली आठवड्यात संपवायची. पाच वर्षांच्या आतल्यांना कडक गोळ्या, जेली बीन, मार्शमॅलो देऊ नका, घशात अडकतात, द्राक्षं लांबीत चिरून. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्यासाठी विष आहे, आणि मांजर असेल तर ईस्टर लिलीची फुलं घरात आणूच नका, परागकणसुद्धा तिची किडनी निकामी करू शकतात.

सशाचं काय? अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख जर्मन लेखनात १६८२ मध्ये सापडतो, बायबलमध्ये तो कुठेच नाही. मी ससा पूर्ण हद्दपार करत नाही, पण "ही एक गंमतीची गोष्ट आहे आणि येशू उठला ही खरी गोष्ट आहे" एवढा फरक स्पष्ट ठेवते. ससा चॉकलेट देतो आणि येशू फक्त उपदेश देतो असं मुलाच्या डोक्यात बसलं तर कोण जिंकणार ते उघड आहे, म्हणून बास्केट ईस्टरच्या आनंदाची म्हणून आईबाबांनीच द्यावी.

दुपारी सगळ्यांनी झोपा.

सोमवार आणि पुढे

ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा आहे, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. त्यामुळे रविवारी काही राहिलं असेल तर हळहळू नका. एखाद्या सकाळी योहानाचा २१ वा अध्याय नाश्त्याला सांगा, येशू किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवतो आणि या, न्याहारी करा म्हणतो. एका संध्याकाळी अम्माऊस गावाच्या वाटेवर उठलेला येशू दोन शिष्यांना भेटतो ती गोष्ट सांगत चालायला जा. अळीव कापून खा, बागेचा ट्रे धुऊन ठेवा, अंडी आणि क्रूस एका डब्यात भरून वर लिहून ठेवा या वर्षी काय जमलं आणि मुलं कशाला कंटाळली.

तारखांचं म्हणाल तर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी चर्चच्या गणिताची पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार, म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये फिरतो. २०२७ मध्ये २८ मार्च आहे, म्हणजे अळीव २१ ला पेरायचं, आणि २०२८ मध्ये १६ एप्रिल. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचं गणित जुन्या कॅलेंडरवर चालतं, त्यांचा २०२७ मध्ये २ मेला येतो, पण २०२८ ला दोघांचा एकाच दिवशी आहे, तेव्हा तशा मैत्रिणीच्या घरची लाल अंडी मुलांना त्याच दिवशी दाखवता येतील.